हाताला बांधलेलं फडकं

जेवायला बसलं की आई माझ्या डाव्या हाताला फडकं बांधायची. तिच्या जुन्या लुगड्याचा, धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा. मुठीवरून दोन वेढे आणि मनगटाशी सैल गाठ. दुखायचं नाही, पण मूठ उघडायची नाही. मग पुढ्यात ताटली यायची आणि ती म्हणायची, "आता खा शहाण्यासारखी."

मी जन्माची डावरी. भाकरी दिसली की डावा हातच पुढे जायचा. आईला त्याचा राग नव्हता, भीती होती. "उद्या सासरी पंगतीत बसशील आणि डावा हात ताटात घालशील. तुला कोण काही म्हणणार नाही, मला म्हणतील," असं ती म्हणायची. गाठ मारताना तिचं तोंड माझ्या तोंडाजवळ यायचं आणि तिच्या पदराला चुलीच्या धुराचा वास असायचा. मला ते आवडायचं. कधी कधी मी मुद्दाम डावा हात पुढे करायची, तिने जवळ यावं म्हणून.

डाव्या हाताचं काम कोणतं, तेही तिनेच शिकवलं. आमच्याकडे तेव्हा संडास नव्हते. दिवस मावळला की आई, चुलती आणि शेजारच्या बायका ओढ्याच्या बाजूला जायच्या, प्रत्येकीच्या हातात टमरेल. माझं छोटं, पत्र्याचं, कडेला चेपलेलं. उजव्या हाताने पाणी ओतायचं, डाव्याने धुवायचं. घरी आल्यावर डाव्या हाताला आधी माती, मग चुलीतली राख. शेवटी आई माझा हात नाकाशी नेऊन हुंगायची. एवढं झाल्यावरही तो हात भाकरीच्या दुरडीत जाऊ द्यायची नाही.

"धुतला की गं," मी म्हणायची.

"धुतला तरी," ती म्हणायची.

त्या ओढ्याच्या वाटेची मला अजून आठवण येते. कुणाला सांगितलं तर हसतील. पण घरात बायकांना बोलायला मिळायचं नाही, ते सगळं बोलणं तिथे व्हायचं. झुडपांच्या आडोशाला एकमेकींकडे पाठ करून बसायच्या आणि मोठमोठ्याने बोलत राहायच्या. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेने सासूला उलट उत्तर दिलं, कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे आले आणि चिवडा खाऊन नुसतेच गेले. मी लहान असताना मला वाटायचं, बायका तिकडे गप्पा मारायलाच जातात. मोठी झाल्यावर कळलं की त्या मोठ्याने बोलायच्या त्या एकमेकींची लाज राखायला. आवाजाच्या आडोशाला प्रत्येकजणी एकटी असायची.

शाळेत गुरुजींनी पेन्सिल उजव्या हातात दिली. चौथीपर्यंत तेवढं पक्कं झालं आणि मग माझी शाळाच थांबली. हे जे मी माझ्यापुरतं लिहितेय, ते अक्षर त्याच उजव्या हाताचं आहे. डाव्या हाताला राहिलं ते धुण्याचं काम, आणि चोरून चिंचा पाडायचं. दगड मारायला मात्र डावाच. नेम चुकला असं झालं नाही.

लग्न होऊन सांगलीला आले. हे हळदीच्या वखारीत कामाला होते. एकदा गच्चीवर सांडगे वाळत घातले होते आणि कावळा आला. हे घरात नाहीत असं समजून मी खडा उचलला आणि भिरकावला. कावळा उडाला. मागून हसण्याचा आवाज आला.

"डावरी आहेस होय!"

तेव्हापासून एकटं असलं की हे मला डावरे म्हणायचे. कधी म्हणायचे, "जेव की डाव्या हाताने, इथं कोण बघतंय?" दार लावलेलं असायचं, घरात आम्ही दोघंच. तरी मला ते कधी जमलं नाही. हात ताटाकडे जायच्या आधीच मनगटाला गाठ बसल्यासारखं वाटायचं.

हे गेले, त्यानंतर मुलाने मला इकडे अमेरिकेत आणलं, एडिसनला. मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे. सून इथेच जन्मलेली. तिचे आईवडील नागपूरकडचे, पण ती वाढली न्यू जर्सीत. मराठी बोलते, मध्ये मध्ये इंग्रजी घालून. मला घाबरत नाही आणि मीही तिला घाबरत नाही, एवढं आमचं बरं चाललं होतं. घरातल्या बाथरूममध्ये मुलाने माझ्यासाठी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून प्लास्टिकचा निळा मग आणून ठेवला होता. टमरेल म्हटलं की सून हसायची, पण मग कधी रिकामा दिसला तर भरून ठेवायची.

तो दिवस पोळ्यांचा होता. लाटता लाटता लाटणं डाव्या बाजूने निसटलं आणि ओट्यावरून खाली गेलं. उचलायला वाकावं म्हटलं तर डावा हात नुसता लोंबत होता. दुसऱ्याचा असावा तसा. सुनेला हाक मारली. ती माझ्या तोंडाकडे बघून एवढंच म्हणाली, "आई, हसून दाखवा." मला वाटलं, ही अशी काय वेळ निवडते. मी हसले असणार, पण तिने लगेच फोन उचलला.

अर्धांगवायूचा झटका होता, डावी बाजू गेली होती. बोलणं राहिलं होतं, थोडं जड. इस्पितळातून मला पुढच्या ठिकाणी पाठवलं, तिथे माणसाला परत उठायला, बसायला, चालायला शिकवतात. तिथली खोली स्वच्छ, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची. उशाशी एक बटण होतं. बाथरूमला जायचं असलं की ते दाबायचं, मग एक बाई यायची, मला उठवायची, न्यायची, सगळं करायची आणि परत आणायची. बाया चांगल्या होत्या. पण मी जन्मात डॉक्टरपुढेही धड तोंड उघडलेलं नाही. दुसरी बाई आपल्याला पुसतेय आणि आपण भिंतीकडे बघतोय, हे मला सोसेना. मी पाणी पिणं कमी केलं. पाणीच नाही प्यायलं तर बटण दाबायला नको.

"आई, ग्लास भरलेला आहे तसाच आहे," मुलगा म्हणायचा.

"तहान नाही."

"अगं, सकाळपासून?"

"इथे ऊन कुठे आहे तहान लागायला?"

मला शिकवायला एक उंच मुलगी होती, थेरपीवाली. ती इथलीच. मला ऐकू येत नाही असं समजून ती मोठ्याने आणि सावकाश बोलायची. मला तिचं अर्धं कळायचं, बाकीचं ती हाताने दाखवायची. तिने पहिल्याच दिवशी मुलाला समोर बसवून सांगितलं आणि मुलाने मला मराठीत सांगितलं.

"आई, ती म्हणते, तुला बाथरूमचं स्वतःचं स्वतः जमलं तर लवकर घरी जाता येईल. नाही जमलं तर घरी सतत कोणीतरी लागेल. पण तू त्याचं टेन्शन घेऊ नकोस. मी ऑफिसात बोललोय. मी घरूनच काम करीन, मी आहे ना. मी करीन सगळं."

त्याने ते इतक्या प्रेमाने सांगितलं की मी मान हलवली. पण मनात आलं, ज्याला मी पायावर घेऊन धुतलं, त्याने मला धुवायचं. तो करील, तोंड वाकडं न करता करील, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मला ते नको होतं. त्याच्या मनात मी त्याची आई म्हणून आहे, तशीच राहू दे, असं वाटत होतं. घरी जायचं तर आपलं आपण दार लावून आत जाता आलं पाहिजे. त्याशिवाय घरी जायचं नाही असं मी मनाशी धरलं.

म्हणून मी शिकले. मन लावून शिकले, शाळेत नव्हते शिकले एवढं. चाकाच्या खुर्चीतून उठताना आधी पुढे सरकायचं. मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे. आपण भारतात उठतो तसं पाठ ताठ ठेवून झटक्याने उठायचं नाही. भिंतीतला दांडा उजव्या हाताने धरायचा. वळताना घाई नाही. कमोडची बैठक मांड्यांच्या मागे लागली असं कळेपर्यंत बसायचं नाही. "वेट, वेट, फील इट," ती म्हणायची. तिथली बैठक उंच केलेली होती, दोन्ही बाजूंना हात असलेली, त्यामुळे खाली जाताना धसकन पडायला व्हायचं नाही. ओढ्याकाठी उकिडवं बसणारी मी, आता खुर्चीएवढ्या उंचीवर बसायलाही शिकायला लागत होतं.

उठणं-बसणं जमलं. मग राहिलं धुणं. मुलाने घरचा निळा मग आणून दिला. पण मगाला दोन हात लागतात, हे मला तेव्हा कळलं. जन्मभर कधी विचारच केला नव्हता. उजव्याने ओतायचं तर धुवायचं कशाने? डावा मांडीवर निपचित. निळा मग हातातून घसरून खाली पडला आणि फरशीभर पाणी झालं. थेरपीवालीने ते पाणी पुसलं, ओल्या फरशीकडे बोट दाखवून "नो" म्हणाली आणि मला ओले कागद दिले. उजव्या हाताने, पुढे झुकून, असं. मी केलं. आतून मन नको म्हणत होतं, पण घर डोळ्यांपुढे होतं. केलं, हात साबणाने धुतला, परत आले. ती एवढी खूश झाली की तिने टाळ्या वाजवल्या.

मग दुपारी मुलगा डबा घेऊन आला. वरण, भात, भाकरी, सुनेने केलेली गवारीची भाजी. मी हात पुढे केला. बोटं भाकरीला लागायच्या आधीच थांबली.

धुतला तरी, आई म्हणाली.

मी ताट सरकवलं. "नको, भूक नाही."

संध्याकाळीही तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. चमच्याने का खाल्लं नाहीस असं कोणीही म्हणेल. पण चमचा धरणार कोण? तोच हात. ग्लासही तोच हात धरणार. मी थोडं दूध नळीने ओढायची, मान खाली घालून. मुलाला काय सांगू? त्याच्याशी हे कसं बोलू? आणि सांगितलं तर तो म्हणणार, बरं, मग मी करतो.

त्या लोकांना वाटलं, माझ्या गळ्यात बिघाड झाला. आजारात असं होतं म्हणे, गिळता येत नाही. एक वेगळीच बाई आली, तिने माझ्या गळ्याला हात लावून मला गिळायला सांगितलं. मी लाजून नीट गिळलंच नाही. मग माझं जेवण मऊ, लगद्यासारखं झालं आणि पाण्यात पूड घालून ते घट्ट करून द्यायला लागले. पळीवाढं पाणी. मी आयुष्यात आमटी घट्ट केलीय, पाणी घट्ट केलेलं पहिल्यांदा बघितलं. मुलाचं तोंड उतरलं. थेरपीवाली त्याला म्हणाली की खाणं होत नसेल तर घरी पाठवता येणार नाही. म्हणजे घरी जायला जे शिकले, त्यानेच मला तिथे अडकवलं.

एका संध्याकाळी मुलगा आला नाही, सून एकटी आली, ऑफिसातून परस्पर. तिच्या पर्समध्ये थालीपीठ होतं, चांदीच्या कागदात गुंडाळलेलं. लगद्याचं ताट तिने बघितलं, नाक मुरडलं आणि बाजूला ठेवलं. नर्सला विचारून आली. नर्स म्हणाली, अगदी छोटे तुकडे, बसवून, सावकाश. तेवढ्यात तिला फोन आला. फोनवर बोलता बोलता ती थालीपीठाचा तुकडा मोडून माझ्या तोंडाशी धरत होती, लहान मुलाला भरवतात तशी, लक्ष फोनमध्येच. मी खात होते. कांदा, ओवा, तव्यावर कडेला करपलेलं. किती दिवसांनी. तिने फोन ठेवला तेव्हा कागद रिकामा होता.

तिने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आई, तुमच्या गळ्याला काही झालेलं नाही."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"मी भरवलं तर खाता. मग स्वतः का नाही खात?"

"असंच."

"असंच काय, आई? तो नाहीये आज. फक्त मी आहे. सांगा ना, प्लीज."

मी भिंतीकडे तोंड करून सांगितलं. डावा हात गेला, आता ते काम उजव्याला करावं लागतं, आणि मग त्याच हाताने घास कसा घ्यायचा. सांगताना कान गरम झाले. आयुष्यात हे वाक्य कुणाशी बोलायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

तिने चांदीच्या कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "पण साबणाने धुता ना?"

"धुतला तरी."

"हं." ती माझ्या पलंगावर बसली. "आई, एक सांगू? रागवायचं नाही."

"बोल."

"मी पण उजव्याच हाताने करते. पेपरने. लहानपणापासून. इथे सगळे तसंच करतात."

मला समजायला वेळ लागला. मी तिच्या हाताकडे बघितलं. बारीक बोटं, नखांना फिकट रंग.

"त्याच हाताने पोळ्या?" मी विचारलं.

"त्याच हाताने पोळ्या. त्याच हाताने तुमचा सकाळचा चहा. आत्ता खाल्लं ते थालीपीठ."

"गणपतीचे मोदक?"

"मोदक पण. आणि तुम्ही सगळ्या काकूंसमोर म्हणालात, कळ्या सुरेख पडल्यात."

मला हसू आलं. तोंडाची एकच बाजू हसत होती, दुसरी तशीच, पण पोटातून हसले. ती पण हसायला लागली. बाहेरून नर्सने डोकावून बघितलं आणि गेली.

"गणपतीला सांगू नकोस," मी म्हटलं.

"त्याला माहीत आहे, आई. एवढी वर्षं बघतोय. काही बोलला नाही."

त्या दिवशी मी तिच्यासमोर पूड न घातलेलं पाणी प्यायले, आपल्या हाताने. गिळणाऱ्या बाईने नंतर परत तपासलं आणि मी या वेळी लाजले नाही. लगदा बंद झाला. तरी खरं सांगायचं तर, उजवा हात ताटाशी नेताना मन अजून अडायचं. सून काही म्हणो, आईची शिकवण साठ वर्षं मुरलेली होती.

सुनेने थेरपीवालीला सगळं सांगितलं. मी मान वर केली नाही. थेरपीवाली आधी गोंधळली, मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि या वेळी हळू आवाजात विचारत गेली. कोणता हात कशाला, पाणी कसं घेता, बसता कसं. सून मराठीत विचारायची आणि मी एका शब्दात सांगायची. शेवटी ती म्हणाली की घरी बैठकीखाली एक पाण्याचा फवारा बसवता येतो. उजव्या बाजूला खुंटी असते, फिरवली की पाणी आपोआप वर येतं, हात लावायला लागत नाही. "मग कोणताच हात खराब नाही, आई," सून म्हणाली आणि फोनवर लगेच मागवून टाकला.

थेरपीवालीने अजून एक काम काढलं. माझ्या डाव्या हाताची बोटं थोडी थोडी हलायला लागली होती. ती म्हणाली, चांगला हात सगळं करतो म्हणून हा आळशी होतो. रोज थोडा वेळ चांगला हात बंद करून ठेवायचा, म्हणजे याला कामाला लागावंच लागतं. तिने कपाटातून जाड कापडाची, बोटं नसलेली एक थैली काढली. माझा उजवा हात तिच्यात घातला, मुठीवर कापड आणि मनगटाशी पट्टा. आवळून पट्टा लावायला ती वाकली तेव्हा तिचं तोंड माझ्या तोंडाजवळ आलं. तिच्या केसांना कसला तरी फुलांचा वास होता.

माझे डोळे भरून आले. तिला वाटलं, घट्ट झालं. "टू टाइट?" तिने विचारलं आणि पट्टा सैल केला. मी मान हलवली. काय सांगणार होते? की हा हात चुकीचा बांधलास, आई दुसरा बांधायची?

घरी आले तेव्हा बाथरूम बदललेली होती. मुलाने दुकानातून आधी रबराच्या वाट्यांनी भिंतीच्या फरशीला चिकटणारा दांडा आणला होता. थेरपीवालीने घराचे फोटो बघितले आणि तो काढायला लावला, तुमचं वजन पडलं की तो निघून हातात येईल म्हणाली. मग मुलाने भिंत ठोकून ठोकून आतलं लाकूड कुठे आहे ते शोधलं आणि त्यात स्क्रूने दांडा पक्का केला. स्वतः लोंबकळून बघितलं, सुनेलाही लोंबकळायला लावलं. बैठकीवर उंच केलेली दुसरी बैठक, तिला दोन हात. खालचा मऊ गालिचा काढून टाकलेला, पाय अडकू नये म्हणून. फवाऱ्याची खुंटी उजवीकडे. आणि दाराची कडी काढलेली. मी पडले तर आत येता यायला हवं, असं सांगितलं होतं त्याला.

"कडी नाही?" मी विचारलं.

"दार लागतं गं. फक्त आतून बंद होत नाही. कोण येणार आहे?"

पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर निळा मग तसाच होता. मुलगा म्हणाला, आता तो काय करायचा, टाकून देऊ. मी म्हटलं, राहू दे.

पहिल्या सकाळी सून कामावर गेली होती. मी काठी घेऊन बाथरूमपर्यंत आले. मुलगा मागे, हात पुढे करून, मी पडलेच तर झेलायला. मी वळले, दांडा धरला.

"तू जा."

"मी दाराबाहेर उभा आहे."

"दाराबाहेर नको. लांब जा."

"लांब म्हणजे किती?"

"स्वयंपाकघरात."

तो गेला. मी दार ढकलून लावलं. घर एकदम शांत झालं. इथली घरं अशी आहेत की कुणी शिंकलं तरी सगळ्या खोल्यांत ऐकू येतं. मी तशीच उभी राहिले, संकोचाने पाय हलेना. एवढ्यात मिक्सर घरघरायला लागला.

"काय वाटतोयस रे?" मी आतून ओरडले.

मिक्सर थांबला. "काही नाही."

"रिकामा फिरवू नकोस. मोटर जळेल."

पुन्हा शांतता. मग त्याचा आवाज आला, चढा, तिकडच्या भिंतीकडे तोंड करून बोलल्यासारखा. "आई, तुला सांगायचं राहिलं. त्या कोपऱ्यावरच्या काकूंच्या जावयाने गाडी घेतली. एवढी मोठी गाडी, आणि गॅरेजमध्ये जातच नाही. आता रोज रस्त्यावर लावतो आणि काकू खिडकीतून राखण करत बसतात. आणि सांगू का, काका म्हणाले..."

तो बोलत राहिला. आमच्या ओढ्याबद्दल मी त्याला कधी सांगितलेलं नाही. ती गोष्ट आई मुलाला सांगत नाही. तरी तो पाठमोरा उभा राहून, मोठ्याने, कुणाचं काय झालं ते सांगत होता. मी पुढे झुकले, मांड्यांच्या मागे बैठक लागेपर्यंत थांबले, आणि बसले. आईच्या टमरेलाचा पितळी काठ मावळतीच्या उजेडात चमकायचा, तो मला दिसला. चुलतीचं हसणं ऐकू आलं.

उजव्या हाताने खुंटी फिरवली. पाणी असं थंडगार आलं की मी "अगं बाई" म्हणाले.

"काय झालं?" बाहेरचं बोलणं तुटलं.

"काही नाही. गाडीचं सांग."

"हो, तर ती गाडी..."

उठताना नाक पायाच्या बोटांच्या वर. दांडा उजव्या हाताने. डावा हात बैठकीच्या हातावर ठेवला होता, आणि उठताना त्याने थोडंसं धरलं, मला जाणवलं. गाऊन सारखा केला. हात धुतला. दार उघडून बाहेर आले तेव्हा मुलगा ओट्याशी उभा होता, माझ्याकडे पाठ, खिडकीकडे बघत, गोष्टीतली जावयाची गाडी अजून रस्त्यावरच होती.

"झालं," मी म्हटलं.

तो लगेच वळला नाही. वाक्य पूर्ण केलं, नाक ओढलं, मग वळला. "चहा टाकू?"

"टाक. भरपूर टाक." आता प्यायला हरकत नव्हती.

त्या शनिवारी दुपारी सुनेने थालीपीठं लावली. मी टेबलाशी बसले तशी ती कापडाची थैली घेऊन आली. थेरपीवालीने सांगितलेलं, जेवताना करायचं, तेव्हा हाताला निमित्त असतं. तिने माझा उजवा हात थैलीत घातला, पट्टा लावला.

"आता खा," ती म्हणाली.

पुढ्यात ताटली. थालीपीठाचे तुकडे तिनेच करून ठेवले होते, वर लोण्याचा गोळा. मी डाव्या हाताकडे बघितलं. कितीतरी आठवडे त्याने काही धुतलं नव्हतं. आता तो नुसता हात होता, लहानपणी चिंचा पाडायचा तसा. तरी तो ताटाकडे निघाला तेव्हा मी नकळत दाराकडे बघितलं. कोणी आलं नाही.

बोटं हळूहळू वाकली. तुकडा निसटला, परत धरला. तोंडाशी येईपर्यंत लोणी हनुवटीला लागलं आणि अर्धा तुकडा मांडीवर पडला. उरलेला खाल्ला.

इथं कोण बघतंय, असं हे विचारायचे. सून बघत होती. तिने तव्यावरचं दुसरं थालीपीठ आणून वाढलं आणि कडेने तुकडे करायला लागली.

"मोठे कर," मी म्हटलं. "छोटे धरता येत नाहीत याला."